तीन हजारांतले सत्तर रुपये ऐंशी पैसे: पेमेंट गेटवे निवडताना काय विचारायचं

माझी मावसबहीण मिरजेत राहते आणि ऑनलाइन सतार शिकवते. मिरजेच्या सतारी कधीपासून जगभर जातात, आता मिरजेचे धडेही जायला लागलेत. तिचे विद्यार्थी पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत आणि दोघी न्यू जर्सीत. गेल्या वर्षापर्यंत फीचा सगळा व्यवहार फोनवरच्या क्यूआर कोडावर चालायचा. मग पुण्याच्या एका विद्यार्थिनीने क्रेडिट कार्डाने फी भरायची म्हणून हट्ट धरला. ताईने वेबसाइटवर कार्डाची सोय करून घेतली आणि दोन दिवसांनी मला बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. फी ३००० रुपये, खात्यात जमा २९२९.२०. खाली एक ओळ होती: "अरे, माझे सत्तर रुपये कोणी खाल्ले?"

मी लिहिलं, "चौघांनी. वर सरकारने." लगेच फोन आला आणि तो तासभर चालला. क्लासवाले, आहारतज्ज्ञ, कर सल्लागार अशा लोकांच्या वेबसाइट करून द्यायचा माझा धंदा आहे, त्यामुळे हा फोन मला नवा नव्हता. फक्त या वेळी समोर घरचं माणूस होतं, म्हणून जरा सविस्तर बोललो.

ते चौघं कोण?

कार्डाने पैसे भरणाऱ्याला पडद्यावर एक बटण दिसतं. त्यामागे चार घरं असतात. पहिलं घर म्हणजे विद्यार्थिनीला कार्ड देणारी बँक. दुसरं म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखं नेटवर्क. दोन बँकांमधला निरोप्याच म्हणा. तिसरी, विकणाऱ्याच्या बाजूने पैसे उचलणारी बँक. आणि चौथी ती कंपनी, जिच्याशी ताईने करार केला. ही कंपनी हजारो लहान व्यावसायिकांना आपल्या छत्रीखाली घेते, त्यांच्या वतीने पैसे गोळा करते आणि ज्याचे त्याला पोचवते. तिचं नियमातलं नाव 'पेमेंट ॲग्रिगेटर'. बोलताना आपण तिलाच गेटवे म्हणतो, पण १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने दोघांत रेघ ओढली आहे. गेटवे म्हणजे नुसता तांत्रिक रस्ता, आणि ज्याच्या हातातून पैसा जातो तो ॲग्रिगेटर. इथून पुढे मी सरळ 'गेटवे कंपनी' म्हणतो. फरक एवढ्यासाठी लक्षात ठेवायचा की परवाना बघायचा तो ॲग्रिगेटरचा.

ताईच्या करारात दर २ टक्के होता. म्हणजे ३००० वर ६० रुपये. त्या ६० वर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. झाले सत्तर रुपये ऐंशी पैसे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात त्या साठातला मोठा घास कार्ड देणारी बँक घेते. विद्यार्थिनीला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट त्यातूनच निघतात. म्हणजे तिने कार्डाचा हट्ट धरला त्याची बक्षिशी ताईच देत होती.

लासलगावला कांदा घालून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते: एवढे क्विंटल, एवढा भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा. कार्डाचा हिशोब म्हणजे तीच पट्टी. अडतीवरून महाराष्ट्रात बरीच भांडणं झाली आणि २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. कार्डाची अडत मात्र अजून विकणाऱ्याच्याच पट्टीतून कापली जाते.

"मग कार्डवाल्यांकडून मी सत्तर रुपये जास्त घेते," ताई म्हणाली. सगळ्यांना हेच सुचतं. डेबिट कार्डाचं हे शुल्क ग्राहकाच्या माथी मारू नये असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीतही करारात बहुधा तशी अट असते. त्यापेक्षा सगळ्यांची फी थोडी वाढवून ३०५० केलेली बरी. कोणी काही विचारत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण ही चूक मी दर दोन-तीन गिऱ्हाइकांमागे एकाकडे बघतो. वहीत उत्पन्न म्हणून २९२९.२० लिहायचे नसतात. उत्पन्न ३०००, आणि ७०.८० हा खर्च. जीएसटी नोंदणी असेल तर त्यातले १०.८० वळते करून घेता येतात. नसेल तर तेही खर्चातच.

'दोन टक्के' ऐकून थांबू नका

जाहिरातीत एकच आकडा असतो, आत मात्र पैसे देण्याच्या प्रत्येक रीतीचा भाव वेगळा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. एमडीआर म्हणजे विकणाऱ्याकडून कापली जाणारी ही अडतच. इतर डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही. परदेशी कार्ड सगळ्यात महाग, साधारण ३ टक्के किंवा त्याहूनही वर.

आता तुमचे निम्मे विद्यार्थी डेबिट कार्डाने पैसे भरत असतील आणि गेटवे कंपनी सरसकट २ टक्के लावत असेल, तर मधला फरक कोणाच्या खिशात जातो हे सांगायला नको. सरसकट दरात सोय आहे, हिशोब सोपा राहतो. पण महिन्याला लाखभराची उलाढाल झाली की प्रत्येक रीतीचा वेगळा दर मागून बघा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

शून्य एमडीआर म्हणजे शून्य खर्च असंही नाही. काही कंपन्या यूपीआयच्या व्यवहारावर 'प्लॅटफॉर्म फी' लावतात. शिवाय २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ग्राहक क्यूआर स्कॅन करतो, तुम्हाला वाटतं यूपीआय आहे, पण पैसे येतात क्रेडिट कार्डातून. लहान व्यावसायिकांना २००० रुपयांपर्यंत सूट आहे, त्यापुढे शुल्क लागतं. आणि फी परत करायची वेळ आली तर ३००० पुरे परत द्यायचे, पण कापलेले सत्तर बहुतेक कंपन्या परत देत नाहीत. क्लास सोडून जाणारे तुमच्याकडे जास्त असतील तर हे आधीच धरून चाला.

मग नुसत्या यूपीआयवर काय वाईट आहे?

काहीच नाही. तुमचे सगळे ग्राहक भारतातले असतील, संख्या वीस-पंचवीस असेल आणि कोणी पैसे भरले, कोणी नाही हे तुमच्या डोक्यात राहत असेल, तर क्यूआर कोड लावा आणि हा लेख इथेच सोडा. मी स्वतः काही जणांना हाच सल्ला देऊन माझं काम घालवलं आहे.

अडचण सुरू होते ती पन्नासाव्या विद्यार्थ्यापासून. तेव्हा रोज रात्री स्क्रीनशॉट आणि पासबुक जुळवत बसावं लागतं. ज्याला फी हप्त्याने किंवा कार्डावर हवी तो दुसरीकडे जातो. आणि परदेशातल्या माणसाला भारतीय बँक खात्याशिवाय सहसा यूपीआय वापरता येत नाही. ताईच्या न्यू जर्सीच्या दोघी मिरजेला येणाऱ्या नातेवाइकाच्या हातून सहा-सहा महिन्यांची फी पाठवायच्या.

पैसे माझे, पण दोन दिवस असतात कोणाकडे?

माझ्या मते दराहून मोठा प्रश्न हा आहे. विद्यार्थिनीच्या कार्डातून पैसे सोमवारी गेले, ताईच्या खात्यात बुधवारी आले. करारात याला 'टी प्लस टू' म्हणतात: व्यवहाराचा दिवस, त्यावर कामाचे दोन दिवस. मधे दुसरा-चौथा शनिवार, रविवार, गुढीपाडवा आला की दोनाचे चार-पाच होतात. काही कंपन्या दुसऱ्या दिवशी देतात, आणि त्याच क्षणी हवे असतील तर वेगळं शुल्क घेतात.

मधल्या दिवसांत पैसे एस्क्रो खात्यात पडून असतात. लग्नाच्या मांडवात आहेराची वही घेऊन बसलेले काका आठवा. पाकिटं त्यांच्या पिशवीत असतात, पण त्यातून मांडववाल्याचं बिल भागवायचा अधिकार त्यांना नसतो. वहीत नाव आणि रक्कम लिहायची, संध्याकाळी पिशवी घरच्यांच्या हवाली करायची. गेटवे कंपनीनेही तुमचे पैसे बँकेतल्या अशा वेगळ्या खात्यात ठेवले पाहिजेत, पगाराला आणि भाड्याला वापरता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय परवाना मागणाऱ्या कंपनीची निव्वळ मालमत्ता अर्जाच्या वेळी १५ कोटी आणि पुढे २५ कोटी असावी लागते. बँकेतर कंपनीला परवाना आहे की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, ते करा.

मात्र एस्क्रोमुळे तुमचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे राहिले, तरी ते वेळेवर सुटतीलच असं नाही.

सेवा विकणाऱ्याकडे जरा वाकड्या नजरेने बघतात, ते का?

'चार्जबॅक' हा शब्द इथे कळून घ्यावा लागतो. ग्राहक तुमच्याशी न बोलता थेट आपल्या बँकेला सांगतो की हा व्यवहार मी केला नाही, किंवा पैसे घेतले पण सेवा दिली नाही. बँक नेटवर्कमार्फत ते पैसे मागे खेचते. तुमच्याकडे एक ईमेल येतो: पुरावा द्या. हातात सहसा जेमतेम आठवडा असतो. उत्तर दिलं नाही तर पैसे गेले, आणि वर चार्जबॅकचा दंड निराळा.

साडी विकणाऱ्याकडे कुरियरची पावती असते, सही असते. तासभर शिकवलं याची पावती काय? त्यातून क्लासवाले वर्षाची फी आधी घेतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा अनेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते, आणि सेवा मिळाली नाही अशी तक्रार असेल तर ती मुदत सेवा ज्या तारखेला मिळायची होती तिथून मोजतात. म्हणजे जूनमध्ये घेतलेल्या वर्षाच्या फीवर पुढच्या उन्हाळ्यातही वाद निघू शकतो. तोवर तुम्ही क्लास बंद करून गायब झालात तर ते पैसे गेटवे कंपनीला स्वतःच्या खिशातून भरावे लागतील. ती घाबरते ती याला. म्हणून काही कंपन्या तुमच्या जमेतला काही हिस्सा काही महिने राखून ठेवतात आणि मग हळूहळू सोडतात.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं उदाहरण सांगतो. ते छंदवर्ग चालवतात. नोंदणी करताना त्यांनी लिहिलं होतं की सरासरी फी १५०० रुपये. मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मोठं शिबिर काढलं आणि दोन दिवसांत १२ हजारांचे चाळीस व्यवहार आले. चार लाख ऐंशी हजार. कंपनीच्या संगणकाला ही चोरी वाटली आणि खातं गोठलं. हॉलचं भाडं आणि पाहुण्या शिक्षकांचं मानधन द्यायचं होतं, आणि मदतकेंद्राकडून रोज एकच उत्तर येत होतं: प्रकरण तपासात आहे. पैसे तीन आठवड्यांनी आले, पुरे आले. तोपर्यंत त्यांनी बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवले होते. शिबिराच्या आधी कंपनीला एक ईमेल टाकून 'अमुक तारखांना अशी मोठी रक्कम येणार आहे, ही जाहिरात पाहा' एवढं कळवलं असतं तर बहुधा हे टळलं असतं. त्यात माझाही दोष होता. फॉर्म भरून मीच दिला होता.

ताईला मी तेव्हापासून तीन सवयी लावल्या. प्रत्येक तासानंतर विद्यार्थ्याला दोन ओळींचा ईमेल: आज काय शिकलो, पुढचा तास कधी. वर्गाच्या हजेरीची नोंद काढून ठेवायची. आणि फी परत मिळण्याचे नियम वेबसाइटवर मराठी-इंग्रजीत, पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर. वाद झाला तर हाच पुरावा. कार्डाच्या बिलावर काय नाव छापलं जाणार तेही विचारून घ्या. तिथे भलतंच काही आलं तर ग्राहकाला ते ओळखता येत नाही, आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तेवढंच असतं.

दरमहा फी आपोआप कापता येईल का?

येते, पण नियम कडक आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने पहिल्यांदा ओटीपी देऊन संमती द्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी त्याला सूचना जावी लागते. १५ हजार रुपयांपर्यंत पुढच्या वेळी ओटीपी लागत नाही. आधी ही मर्यादा ५ हजार होती, जून २०२२ मध्ये वाढली. यूपीआयवरही ऑटोपे आहे, आणि महिन्याला हजार-दोन हजार फी घेणाऱ्याला मी तेच सुचवतो.

कार्डाचे नंबर तुम्ही स्वतःकडे ठेवू शकत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून नंबराच्या जागी टोकन चालतं, म्हणजे खऱ्या नंबराच्या बदल्यात दिलेला बिल्ला. बाहेर कोणाच्या हाती लागला तरी निरुपयोगी. हे सगळं ठीक. पण विद्यार्थ्यांच्या संमत्या एका कंपनीमार्फत घेतल्या आणि वर्षाने कंपनी बदलायची ठरवली, तर सहसा प्रत्येकाकडून संमती नव्याने घ्यावी लागते. शंभरातले सत्तरच जण ती देतील असं धरा. म्हणून ज्यांचं उत्पन्न दरमहा फीवर चालतं, त्यांनी पहिली निवड घाईत करू नये.

न्यू जर्सीच्या दोघी

परदेशातून पैसे घ्यायचे असतील तर परवानगी वेगळी मागावी लागते. भारतातलं खातं सुरू झालं की परदेशी कार्ड आपोआप चालत नाही. पेपाल या अमेरिकी पेमेंट कंपनीने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले, परदेशातून पैसे येतात. तशाच दुसऱ्या परदेशी कंपनीने, स्ट्राइपने, २०२४ पासून भारतात फक्त निमंत्रित व्यवसायांना घ्यायचं ठरवलं. बाकी भारतीय कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ ला सीमेपलीकडच्या व्यवहारांचा वेगळा परवाना आणला. तो तुमच्या कंपनीकडे आहे का, एवढं विचारा. आणि बाहेरून पैसे आल्याचा दाखला मिळेल का, हेही विचारा. जीएसटीत सेवा निर्यात दाखवायची झाली तर सीए पहिल्यांदा तोच मागतो.

इथे एक धोका आहे. आपल्याकडे ऑनलाइन कार्डाला ओटीपीची सवय झाली आहे. अमेरिकेतल्या कार्डाला बऱ्याचदा ओटीपी येतच नाही. नंबर, तारीख, सीव्हीव्ही, संपलं. चोरीचं कार्ड असेल तर पैसे येतात आणि महिन्याने मागे जातात. ओळखीच्या विद्यार्थ्यांसाठी चिंता नाही. अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी वर्षाची फी भरत असेल तर आधी व्हिडिओवर दोन मिनिटं बोला.

"मला कार्डाचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवते म्हणाली"

हे ताईने सहज सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलो. कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस नावाचे सुरक्षा नियम पाळावे लागतात. पैसे भरायचं पान गेटवे कंपनीच्याच सर्व्हरवर उघडत असेल आणि नंबर तुमच्यापर्यंत येतच नसेल, तर तुमच्यावरचा बोजा अगदी हलका होतो. नंबर वहीत लिहिला, फोनवर घेतला, व्हॉट्सॲपवर आला की तो पुरा तुमच्या डोक्यावर.

मोठं नाव घेतलं की झालं?

डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री या दोन मोठ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने नवे व्यावसायिक घेणं थांबवायला सांगितलं. परवान्याची अंतिम मंजुरी मिळून ते पुन्हा सुरू झालं डिसेंबर २०२३ मध्ये. जुन्या ग्राहकांचे व्यवहार चालू होते, पण त्या वर्षात ज्यांनी व्यवसाय सुरू केला त्यांना ही नावं उपलब्धच नव्हती. म्हणून शक्य असेल तर दोन कंपन्यांची कागदपत्रं पुरी करून ठेवा. पॅन, बँक खातं, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, वेबसाइटवर पत्ता आणि अटी. एकदा जमवली की दुसऱ्यांदा तासाभराचं काम.

ताईने निवड कशी केली ते सांगतो. एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता तिने तीन कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला: वर्षाची फी एकदम घेतली आणि चार महिन्यांनी विद्यार्थ्याने बँकेकडे तक्रार केली, तर माझे किती पैसे रोखाल आणि किती दिवस? एकीकडून लगेच रंगीत माहितीपत्रक आलं. दुसरीकडून सोमवारी सकाळी फोन आला, आणि तो मुलगा पंधरा मिनिटं फक्त दराबद्दल बोलला. तिसरीकडून सोमवारी दुपारी चार ओळींचं उत्तर आलं: फक्त त्या व्यवहाराची रक्कम रोखू, अमुक कागद लागतील, निकालाला साधारण इतके दिवस. तिसरीचा दर पाव टक्का जास्त होता. ताईने तीच घेतली, आणि दुसरीकडे नुसती नोंदणी करून ठेवली.

न्यू जर्सीहून पहिली फी आली त्या दिवशी पुन्हा स्क्रीनशॉट आला. या वेळी खाली तिच्याच हातचा हिशोब होता: ५००० वर ३ टक्के १५०, जीएसटी २७, हातात ४८२३. आणि त्याखाली, "बरोबर ना रे?"